मागची फट

टॉर्च मी धरली होती, हे आधीच सांगते,
कारण मुरमान लोकांना सांगताना
माझा हात वगळतो.

झुगदिदीतल्या आमच्या घराची मागची खोली.
एका भिंतीला हेझलनटची पोती,
दुसरीला त्याचा संगणक, अकरा वर्षांचा, कुरकुरा.
गावातली निम्मी लग्नं त्याच्या पोटात आहेत.
काही जोडपी वेगळी झाली,
तिथं मात्र अजून नाचतायत.

तेक्लेच्या लग्नाला सहाशे माणसं, तीन कॅमेरे.
ते सगळं हातातल्या डिस्कवरून आत उतरायला
अडीच तास.
जुन्या पोर्टातून डेटा यायचा
जानेवारीत बरणीतून मध येतो तसा.
नवरीची आई, त्सिआला, रोज फोन करायची :
"घोडं कुठं पेंड खातंय तुमचं?"

शेवटी तिबिलिसीहून कार्ड आलं,
जुंबेरच्या मार्शुत्कातून, त्याच्या सीटखाली,
कुणाच्या तरी चीजच्या पिशवीला टेकून.
माझ्या तळव्यात मावेल एवढी हिरवी पट्टी,
कडेला चार पोर्ट, प्रत्येकात निळी जीभ.
"ही निळी जीभ भरभर बोलते," मुरमान म्हणाला.
"तुझ्या बहिणीसारखी," मी म्हटलं.

त्यानं वायर काढली. पत्र्याला हात लावला,
अंगातली वीज उतरावी म्हणून,
पोराचा ताप बघावा इतक्या हळू.
लांब खाच पंख्याच्या कार्डानं अडवलेली.
तिच्याखाली एक आखूड खाच मोकळी,
आणि तिच्यासमोर, मागच्या पत्र्यात,
पट्टी कधीच हरवलेली,
नुसती फट.

डबा आडवा केला तेव्हा आत काहीतरी घरंगळलं.

तीन हेझलनट.
पाच तेत्रीचं नाणं.
इस्पिकची राणी, जिच्यावाचून
आम्ही चार हिवाळे एक्कावन्न पत्त्यांत काढले
आणि माझ्या दिराला चोर ठरवलं.
मग धुळीच्या गादीतून एक घडी घातलेला कागद,
पेन्सिलीची अक्षरं, काही उलटी :
"कॉम्प्युटर, बाबाला झोप आण.
मग मी खेळेन. बाचो."

बाचो आता ग्दान्स्कला गोदामात
रात्रपाळीला खोकी मोजतो.
सहा वर्षांचा असताना त्याला ती फट
टपालपेटी वाटली होती.
मुरमान बराच वेळ काही बोलला नाही.
मग म्हणाला, "टॉर्च इकडे. हलवू नकोस."
मी हलवत नव्हते.

कार्ड बसलं. एक टक्क आवाज.
स्क्रू आवळला. संगणक सुरू केला,
डिस्क जोडली. दिवा लागला, विझला,
पुन्हा लागला, विझला.
त्यानं कार्डाला शिव्या घातल्या, जुंबेरला घातल्या,
चीजलाही.
"ते कोपऱ्यातलं भोक रिकामं का?" मी विचारलं.
"ते लागत नाही."
तासाभरानं त्यानं, माझी पाठ असताना,
विजेची मोकळी तार शोधून तिथं खोचली.
मला काच दिसत होती खिडकीची,
काचेत तो.

आता दिवा स्थिर. आकडे पळू लागले.
तीस मिनिटं शिल्लक, मग बावीस, मग पंधरा.
"फाइल धड आलीय का बघू," म्हणून त्यानं एक उघडली.
तेक्लेचे आजोबा उभे, हातात शिंग,
शिंगात काठोकाठ वाइन.
त्यांनी देवासाठी टोस्ट धरला, मग पितरांसाठी,
मग जे परदेशी आहेत त्यांच्यासाठी.
इथं मुरमाननं आवाज वाढवला.

मी चिठ्ठीचा फोटो ग्दान्स्कला पाठवला.
उत्तर आलं : "झोपला का?"

"नाही," मी लिहिलं.

कॉपी संपल्याची खिडकी वर आली.
पडद्यावर म्हातारा अजून "आणि शेवटी..." म्हणत होता,
शिंग तसंच भरलेलं,
फोन वाजत होता, त्सिआलाच असणार,
आणि आमच्यापैकी कुणीही उठलं नाही.